फुग्याला आत खळी पडते तेव्हा

परवा आमच्या एमएस्सीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी जुने फोटो टाकले, त्यात एक माझाही निघाला. लॅबमधला, अंधाऱ्या खोलीतला, चेहरा अर्धवट दिसतोय, पण मागे मॉनिटरवर काळ्या पडद्यावर एक लाल गोल रिंग आणि त्या रिंगच्या पोटात अजून एक छोटी रिंग एकदम स्पष्ट. लगेच एकाने विचारलं, "हे काय गं, ग्रहण का?" मी म्हटलं नाही रे, चरबीचा फुगा आहे आणि त्याने स्वतःचाच तुकडा गिळलाय. मग टाईप करत सुटले, पाच लांबलचक मेसेज झाले, दोघांनी अंगठा दाखवला, एकाने जेवणाचा फोटो टाकला आणि विषय संपला. पण माझा संपला नव्हता, म्हणून इथे लिहितेय.

आधी फुग्याबद्दल. लिपिड म्हणजे असा रेणू ज्याचं डोकं पाण्यात रमतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून लांब पळतात. असे कोट्यवधी रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन पापुद्रे करून उभे राहतात, डोकी बाहेर, शेपट्या एकमेकींकडे तोंड करून मध्ये. पूर्ण पडद्याची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर. आणि पडद्याला कडा असलेली चालत नाही, कारण कडेला शेपट्या उघड्या पडतात, म्हणून तो वळून स्वतःलाच मिटवतो, झाली पिशवी. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचा पडदा मुळात हाच, फक्त त्यात प्रोटीनं खच्चून भरलेली असतात. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी नुसत्या लिपिडच्या अशा पिशव्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, त्याच आजच्या लायपोसोम. सुरुवातीला लोक त्यांना गमतीने 'बँगोसोम' म्हणायचे म्हणे, मला तेच नाव जास्त आवडतं.

पण त्या फार बारीक असतात. साध्या मायक्रोस्कोपखाली बसून बघायचं तर मोठा फुगा हवा, दहा-वीस-पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही सोय १९८६ मध्ये बल्गेरियात सोफियाला मिग्लेना अँजेलोव्हा आणि दिमितर दिमित्रोव्ह यांनी करून दिली. काचेवर लिपिडचा पातळ थर वाळवायचा, त्यावर साखरेचं पाणी घालायचं आणि वीज द्यायची. वीज म्हणजे काय, एक-दोन व्होल्ट, सेकंदाला दहा वेळा दिशा बदलणारी. तास-दोन तासात काचेवरून फुगे उठतात, पाहण्यासारखं असतं ते, द्राक्षाचे घड लागल्यासारखे दिसतात. यांना जायंट युनिलॅमेलर व्हेसिकल म्हणतात, लॅबमध्ये सगळे जीयूव्ही म्हणतात, मी इथे फुगाच म्हणणार.

एक युक्ती आहे त्यात, फुग्याच्या आत सुक्रोजचं पाणी ठेवायचं आणि बाहेर ग्लुकोजचं. सुक्रोजचं पाणी जड, म्हणून फुगे तळाशी जाऊन बसतात आणि लेन्ससमोर गुपचूप थांबतात. मात्र दोन्हीकडची तीव्रता जुळवून घ्यायची, नाहीतर पाणी आत किंवा बाहेर धावतं. मी पहिल्याच महिन्यात ग्लुकोज मोजताना दशांश चिन्ह एक घर सरकवलं आणि बाहेरचं पाणी इतकं पातळ झालं की शनिवारचे सगळेच्या सगळे फुगे फुटले, आणि मला वाटत होतं लिपिड जुनं झालंय! सोमवारी वहीत आकडा दिसला तेव्हा कुणाला सांगितलंही नाही.

तर आता मुद्द्याचं. फुग्यात थोडं ऋणभारित लिपिड मिसळलेलं, आतलं पाणी जरा आंबट (म्हणजे आम्लधर्मी), बाहेरच्याचा पीएच साधारण आपल्या रक्ताइतका. बाहेरून पिपेटने क्लोरप्रोमाझीन सोडलं. हे जुनं मनोविकाराचं औषध आहे, डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीत बनलं आणि १९५२ पासून पॅरिसला रुग्णांवर वापरात आलं, आपल्याकडेही अजून मिळतं. मला त्याच्या औषधी गुणांशी काही देणंघेणं नव्हतं, मला त्याचा आकार हवा होता. एका टोकाला पाणी टाळणारी तीन कड्यांची चपटी रचना आणि दुसऱ्या टोकाला शेपटीवर एक अमाइन, म्हणजे धनभार घेऊ शकणारा नायट्रोजन. औषधं शोधताना असले रेणू सारखे सारखे समोर येतात, एक बाजू तेलकट, एक बाजू भारित. नैराश्यावरचं इमिप्रामीन तसंच, जागा बधिर करायची बरीच इंजेक्शनं तशीच, मलेरियाच्या गोळ्याही बऱ्याचशा तशाच.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग फुग्याची कड थरथरायला लागते, आधी ताठ होती ती आता सैल धोतरासारखी, कारण औषध पडद्यात घुसलं की पडद्याचं क्षेत्रफळ वाढतं. आणि मग एका जागी, का त्याच जागी ते देव जाणे, खळी पडते. गालावर पडते तशीच. खळी खोल होते, तिचं तोंड आवळत जातं, आणि मिनिटभरात आत एक छोटा गोल लोंबकळतोय, बारीक मानेने बाहेरच्या पडद्याला चिकटून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्चीवरून अर्धी उठलेच होते.

सरांना बोलावलं. ते आले, बघितलं, आणि कौतुक वगैरे काही न करता विचारलं, "औषध बाहेरून टाकलंस ना? मग फुगवटा आत का?"

मी म्हटलं, "औषध बाहेरून ढकलतं म्हणून असेल."

"ढकलतं? पापड भाजलायस कधी?"

आता माझ्या पापड भाजण्याबद्दल घरी काय मत आहे ते जाऊ दे, पण प्रश्न बरोबर होता. पापडाच्या एका अंगाला आच लागली की ते अंग आक्रसतं, दुसरं तसंच राहतं, आणि पापड आक्रसलेल्या बाजूला वळतो. कुणी त्याला ढकलत नाही. दोन बाजू एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आहेत आणि दोघींच्या लांबीत फरक पडला, मग वळण्याशिवाय इलाज काय? फुग्याच्या दोन पापुद्र्यांचंही तसंच आहे. बाहेरच्या पापुद्र्यात रेणू जास्त भरले तर तो पसरायला बघतो आणि फुगवटा बाहेर येतो. आतल्यात जास्त भरले तर आत. म्हणजे माझा फुगा आत वळला याचा अर्थ औषध बाहेरून टाकलं तरी गर्दी आतल्या पापुद्र्यात झाली होती! ते आत गेलं कसं आणि तिथेच थांबलं का, हा खरा प्रश्न.

याचं उत्तर फुग्यांवर नाही, रक्तावर सापडलं होतं, आणि ती गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावते.

प्रायमाक्विन माहीत असेल. व्हायव्हॅक्स मलेरिया झाला की यकृतात लपलेले जंतू मारायला ही गोळी देतात, आपल्याकडे १४ दिवसांचा कोर्स असतो. काही लोकांमध्ये जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असतं आणि त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात, म्हणून लाल पेशी आणि प्रायमाक्विन हा जुना अभ्यासाचा विषय. तर १९६९ मध्ये गिन, हॉचस्टीन आणि ट्रम्प (हे दुसरे ट्रम्प, पॅथॉलॉजीवाले) यांनी 'सायन्स' मध्ये दाखवलं की प्रायमाक्विन घातलं की माणसाची लाल पेशी स्वतःच्या पडद्याचे तुकडे आत ओढून घेते, पेशीत पडद्याच्या अस्तराचे पोकळ गोळे दिसतात. आता यात आश्चर्य काय, तर पूर्ण तयार झालेली लाल पेशी काही गिळतच नाही. तिला केंद्रक नाही, गिळण्याची यंत्रणा नाही, हिमोग्लोबिनची थैली आहे ती. इतर पेशी बाहेरचं काही आत घेतात तेव्हा क्लॅथ्रिन नावाचं तीन पायांचं प्रोटीन पडद्याखाली जाळी विणतं, डायनॅमिन मानेभोवती गुंडाळून ती कापतं, अजून डझनावारी मदतनीस असतात. लाल पेशीने हे सगळं सोडून दिलेलं असतं. तरी ती गिळते, आणि तेही एका मलेरियाच्या गोळीमुळे.

मग १९७४ मध्ये सॅन डिएगोला मायकेल शीट्झ आणि जॉन सिंगर. सिंगर म्हणजे दोन वर्षं आधी निकोल्सनबरोबर पेशीच्या पडद्याचं 'फ्लुइड मोझॅक' मॉडेल देणारे, अकरावीच्या जीवशास्त्रात आपण ते पाठ करतो तेच. यांनी बघितलं की औषधं लाल पेशींचा आकार दोन प्रकारे बिघडवतात. काहींनी पेशी काटेरी होते, गोखरूसारखी. काहींनी ती वाटीसारखी खोलगट होते. आणि विभागणी भाराप्रमाणे पडते! ऋणभारित औषधं काटे आणतात, क्लोरप्रोमाझीनसारखी धनभार घेणारी औषधं वाटी करतात. त्यांनी मांडलं की पडदा म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते तशी, गरम झाली की एक धातू जास्त पसरतो आणि पट्टी वाकते. याला त्यांनी नाव दिलं बायलेयर कपल.

वाटी का होते तर असं. लाल पेशीच्या आतल्या पापुद्र्यात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं ऋणभारित लिपिड असतं, बाहेरच्यात जवळपास नाहीच. क्लोरप्रोमाझीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून बिनभाराचे होतात तो आकडा) साधारण ९.३, म्हणजे रक्ताच्या पीएचला शंभरातला जेमतेम एक-सव्वा रेणू भाराशिवाय असतो. पण तेवढा पुरतो, कारण बिनभाराचा रेणू पडद्यातून आरपार सरकतो, पलीकडे पोचला की पुन्हा प्रोटॉन पकडून धनभारित होतो, आणि मग त्याला शेजारी ऋणभारित लिपिड भेटलं की तो तिथेच ठाण मांडतो. बाहेर राहिलेल्यांतून पुन्हा एक-सव्वा टक्का बिनभाराचे होतात, तेही सरकतात. रांग चालूच. काही मिनिटांत आतल्या पापुद्र्यात गर्दी होते आणि पेशीची वाटी होते.

यावर त्यांनी केलेली खातरजमा मला मूळ कल्पनेपेक्षाही सुंदर वाटते. क्लोरप्रोमाझीनच्या नायट्रोजनवर अजून एक मिथाइल गट बसवला की भार कायमचा होतो, प्रोटॉन सोडायची सोयच उरत नाही, म्हणून रेणूला पडदा ओलांडता येत नाही. बाकी रेणू जवळजवळ तोच. आणि हा रेणू घातला की पेशी वाटी होत नाही, काटेरी होते! एक मिथाइल, आणि आकार उलटा. शिवाय काटे आणणारं एक औषध आणि वाटी करणारं एक औषध योग्य प्रमाणात मिसळलं की दोघं एकमेकांना फेडतात आणि पेशी पुन्हा नेहमीच्या थाळीच्या आकारात येते.

मग फुगे कशाला हवेत? कारण लाल पेशी साक्षीदार म्हणून पूर्ण भरवशाची नाही. तिच्या पडद्याखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रोटीनची जाळी आहे, एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू आहे, आणि काही जणांचं म्हणणं होतं की आकार बदलण्यामागे बँड ३ नावाचं प्रोटीन आहे, लिपिडच्या गर्दीचा त्यात हात नाही. भांडण मिटवायचं तर एकच उपाय, सगळं काढून टाका. ना प्रोटीन, ना जाळी, ना एटीपी, फक्त लिपिड, पाणी, साखर. तरीही खळी पडली तर म्हणता येईल की निदान खळी पाडण्यापुरतं तरी प्रोटीन लागत नाही. आणि पडते. माझ्या फुग्यात आंबट पाणी मुद्दाम त्याचसाठी होतं, आत गेलेलं औषध प्रोटॉन पकडून तिथेच अडकावं म्हणून, लाल पेशीत जे काम भारित लिपिडची एकतर्फी वाटणी करते ते इथे पीएचचा फरक करत होता. त्या दिवशी सरांना एवढं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

मग त्यांनी पुढचं काम दिलं. "किती गर्दी लागते ते काढ."

हे गणित मी अजून विसरले नाही, कारण उत्तर बघून मला वाटलं मी पुन्हा दशांश चिन्ह चुकवलं. धरा १० मायक्रॉन त्रिज्येचा फुगा आहे आणि त्याच्या पोटात २ मायक्रॉन त्रिज्येचा गोळा तयार झाला. फुग्याचं क्षेत्रफळ १२५७ चौरस मायक्रॉन, गोळ्याला त्यातले ५० लागतात, म्हणजे ४ टक्के. क्षेत्रफळ तेवढंच राहिलं तर बाहेरचा फुगा ९.८ मायक्रॉनवर येतो आणि आतल्या पाण्यातलं सुमारे ७ टक्के बाहेर जावं लागतं. त्यामुळेच ताठ फुगलेला फुगा कधीच खळी पाडत नाही, तुडुंब भरलेल्या फुटबॉलला अंगठ्याने दाबून बघा. थोडी हवा काढावी लागते. आम्ही बाहेरची साखर किंचित वाढवायचो, ३०० ची तीव्रता ३२० केली की पाणी आपणहून बाहेर येतं आणि फुगा सैल होतो.

हे झालं पाण्याचं. आता पापुद्र्यांचं. बाहेरचा पापुद्रा आतल्यापेक्षा जरा मोठा असतो, साहजिक आहे, तो बाहेरून गेलाय. दोघांमधलं अंतर ३ नॅनोमीटर धरलं तर १० मायक्रॉनच्या फुग्यात हा फरक पाऊण चौरस मायक्रॉनचा, १२५७ मधला पाऊण! आत गोळा झाला की त्या गोळ्यापुरती वळणाची दिशा उलटी होते आणि फरक कमी होऊन ०.५९ वर येतो. म्हणजे सगळी उलथापालथ किती क्षेत्रफळाची, तर ०.१७ चौरस मायक्रॉन. टक्क्यांत ०.०१३. दहा हजारात एक भाग, फार तर सव्वा-दीड. एका पापुद्र्यात साधारण १८० कोटी लिपिड रेणू बसतात, आणि दोन-अडीच लाख रेणूंइतकी जास्तीची जागा आतल्या बाजूला निर्माण झाली की भागलं. मुंबई लोकलमध्ये दहा हजार माणसांत एक जास्तीचा चढला तर कुणाला कळेल का? फुग्याला कळतं.

अर्थात हे भूमितीचं गणित झालं, वाकवायला ऊर्जा लागते ती वेगळी. त्याचाही हिशोब आहे आणि तो १९७३ मध्ये वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी मांडला. हे गृहस्थ मूळचे लिक्विड क्रिस्टलवाले. हातातल्या घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये जो एलसीडी आला तो ज्या शोधावर उभा आहे तो त्यांनी आणि मार्टिन शाड्ट यांनी १९७० मध्ये बासेलला हॉफमन-ला रोशमध्ये लावला, म्हणजे औषध कंपनीत बसून डिस्प्लेचा शोध! तेच डोकं त्यांनी लिपिडच्या पडद्याला लावलं. त्यांच्या सूत्रातून निघणारी एक गोष्ट मला पहिल्यांदा खोटीच वाटली होती, ती म्हणजे सपाट पडद्याचा बंद गोळा करायला लागणारी ऊर्जा गोळ्याच्या मापावर अवलंबून नसते. छोटा गोळा जास्त वाकलेला पण पडदा कमी, मोठा गोळा कमी वाकलेला पण पडदा जास्त, दोन्हीचा गुणाकार तोच. साध्या लिपिडसाठी ती ऊर्जा येते खोलीच्या तापमानाच्या उष्णतेच्या थरथरीच्या सुमारे ५०० पट. ऐकायला भरपूर वाटतं, पण पेशीत एटीपीचा एक रेणू मोडला की त्या थरथरीच्या साधारण २० पट ऊर्जा मिळते. म्हणजे एका गोळ्याची किंमत २५ एटीपी. पेशीच्या दृष्टीने चिल्लर. फुग्याकडे तर तीही नाही, त्याचा खर्च औषधाचे रेणू पडद्यात घुसताना जी ऊर्जा सुटते त्यातून भागतो.

दिशेबद्दल अजून एक प्रयोग सांगायलाच हवा, औषधाचा नाही पण विषय तोच. २००० साली होलोपायनेन, अँजेलोव्हा (हो, त्याच) आणि किन्नुनेन यांनी फुग्याच्या बाहेरून स्फिंगोमायलिनेज नावाचं एन्झाइम सोडलं. ते बाहेरच्या पापुद्र्यातल्या स्फिंगोमायलिन नावाच्या लिपिडचं डोकं कापतं, मागे उरतं सेरामाइड, म्हणजे डोकं लहान झालं आणि बाहेरचा पापुद्रा आक्रसला. फुग्यात आतल्या बाजूला गोळे पडायला लागले. मग त्यांनी तेच एन्झाइम बारीक सुईने फुग्याच्या आत टोचलं, तर गोळे बाहेर! हे मी वाचलं तेव्हा पापडाची उपमा मला नव्याने पटली, कारण यात आक्रसणंच आहे, पसरणं नाही. आतली बाजू वाढवा किंवा बाहेरची कमी करा, फुग्याला दोन्ही सारखंच.

आता नेहमीचा प्रश्न, जो ग्रुपवरही आला, "मग आपण गोळ्या घेतो तेव्हा आपल्या पेशींच्या वाट्या होतात का?" नाही होत, काळजी नको. असे आकार बदलायला दहा-वीस मायक्रोमोलर (हे तीव्रतेचं एकक) आणि त्याहून जास्त औषध लागतं, आणि क्लोरप्रोमाझीन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते एक मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतं, वर त्यातलं बहुतेक रक्तातल्या प्रोटीनला चिकटलेलं. प्रमाण फारच वाढवलं की खळी-बिळी राहते बाजूला, पडदाच विरघळतो, कारण असले रेणू शेवटी साबणाचे लांबचे नातेवाईक. मी एकदा हात सैल सोडून जास्त टाकलं होतं, फुगे टपाटप गेले.

पण 'आपल्याला काय त्याचं' असंही नाही. आंबट आत, साधं बाहेर, आणि बिनभाराचा रेणू आत जाऊन अडकतो, ही युक्ती जशीच्या तशी औषधनिर्मितीत वापरतात. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डॉक्सिल घ्या, कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन लायपोसोममध्ये भरलेलं. ते भरायला आत अमोनियम सल्फेट ठेवतात, त्याने आतली बाजू आंबट होते आणि बाहेर टाकलेलं औषध आपल्या पायांनी आत जाऊन बसतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी आपल्याकडे लोक लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरत होते, 'लायपोसोमल' हा शब्द तेव्हा घराघरात पोचला, पण तिथे औषध भरण्याची तऱ्हा वेगळी आहे, ते पडद्यातच बसतं.

आणि त्याच वर्षी 'सायन्स' मध्ये एक लेख आला होता तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोविडवर जुन्या औषधांतून काही सापडतंय का म्हणून जगभर पेशींवर चाचण्या चालल्या होत्या आणि कितीतरी औषधं विषाणू थांबवताना दिसत होती. त्या लेखात दाखवलं की यातली बरीच औषधं याच घराण्यातली, तेलकट अंग आणि धनभारित शेपूट, आणि ती विषाणूच्या कुठल्या प्रोटीनवर नेम धरून काम करत नव्हती, तर पेशीच्या आतल्या आंबट कप्प्यांत साठून लिपिडचा कारभार बिघडवत होती. फॉस्फोलिपिडोसिस म्हणतात त्याला. पेशीत परिणाम दिसायचा, पण औषध म्हणून उपयोग नाही. किती पैसा आणि किती महिने गेले असतील त्यात! रेणूला प्रोटीनचं कुलूप सापडलं की आपण खूश होतो, पण तो कुलपाआधी दारालाच चिकटतो हे कुणी बघत नाही. माझं आपलं मत, औषध शोधणाऱ्या प्रत्येक टीमने आपला लाडका रेणू एकदा नुसत्या लिपिडच्या फुग्यावर टाकून बघावा. एक दुपार जाते, फार खर्च नाही. लोक हसतात मला यावर, हसू देत.

फोटोतल्या फुग्याचं पुढे काय झालं तेही एकाने विचारलं होतं. आतला गोळा सुटला की मानेने लटकलेलाच राहिला हे नुसतं बघून ठरत नाही, मान मायक्रोस्कोपला दिसण्याइतकी जाड नसतेच. त्यासाठी आम्ही बाहेरच्या पाण्यात हिरवा चमकणारा रंग घालायचो, गोळा होताना त्यात बाहेरचंच पाणी अडकतं म्हणून गोळ्याचं पोट हिरवं आणि मोठ्या फुग्याचं पोट काळं, असं दिसायला हवं. मग बाहेरचा रंग धुवून काढायचा आणि वाट बघायची. मान उघडी असेल तर गोळ्यातला हिरवा हळूहळू गळून जातो. त्या दिवशी मी रंग धुतला आणि बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गोळा फुग्याच्या पोटात इकडून तिकडे डुलत होता, एकदा तर पार दुसऱ्या टोकाला जाऊन आला, आणि हिरवा तसाच. पंधराव्या मिनिटाला दारावर टकटक झाली, पुढच्या स्लॉटवाली सीनियर होती आणि तिच्या हातात बर्फाचा डबा होता. मी म्हटलं ताई पाचच मिनिटं, ती म्हणाली तू मागच्या वेळी पण असंच म्हणाली होतीस. मग तिने स्क्रीनकडे बघितलं, डबा खाली ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "फोटो काढते थांब, तू जरा बाजूला हो, स्क्रीन दिसू दे." मी नीट बाजूला झाले नाही, म्हणून त्यात माझा अर्धा चेहरा आलाय.